जिन्याखालचं वाडगं

वाडगं नीट सांभाळलं, तर टिचकीचा फायदा घसघशीत होता: मावशीच्या प्रयोगशाळेतल्या डासांच्या खोलीत एक अख्खी सकाळ. धाकट्या ढोल्याला काहीच न सांभाळता तेवढंच मिळणार होतं. ताईला चिकटून राहण्यातला हा लाभ त्याने केव्हाच हेरला होता.

मावशी डासांवर संशोधन करायची. काळ्या वाडग्यात पाणी आणि कडेला खरखरीत कापडाची पट्टी ठेवली, की डासीण पट्टीवर अंडी घालते. त्यांतून निघणाऱ्या डासांत तापाचा विषाणू आहे का, ते मावशीला तपासायचं होतं. शेजारच्या इमारतींतल्या पट्ट्या काळ्या ठिपक्यांनी भरल्या. टिचकीच्या जिन्याखालची मात्र आठवडाभर कोरीच.

"उन्हात ठेवलं असशील वाडगं," मावशी म्हणाली. "उद्याही पट्टी कोरी निघाली, तर हे काम मी दुसऱ्या कुणाला देते. मग खोलीबिली विसर."

"अहो, आपल्याकडे डास नाहीतच," तळमजल्यावरचे सेक्रेटरीकाका पोटरी खाजवत म्हणाले. "फाटकावर तशी पाटीच लावतोय."

"मग खाजवताय कशाला?" ढोल्याने विचारलं.

"पित्त उठलंय रे."

टिचकीने वाडग्यात डोकावलं. पाणी नितळ, पट्टीला साबणाचा वास. "ढोल्या, डास आंघोळ करतात?"

"मीसुद्धा रोज करत नाही."

संध्याकाळी तिने दुसरं वाडगं गुपचूप मीटरच्या पेटीमागे ठेवलं. सकाळी दोघं जिन्याच्या खिडकीत दबा धरून बसली. तिथून काकांची गॅलरी दिसायची. काकांनी जिन्याखालचं वाडगं तिथे नेलं, कपडे धुण्याच्या ब्रशने पट्टी घासली, ते पाणी कुंड्यांखालच्या बशांत ओतलं आणि नळाचं ताजं पाणी भरून वाडगं परत जागेवर ठेवलं.

मीटरमागची पट्टी ठिपक्यांनी गच्च भरली होती. ती घेऊन टिचकीने मावशीला थेट काकांच्या गॅलरीत आणलं. बशांत अळ्या वळवळत होत्या.

"काका, हे काय पाळलंय?" मावशीने विचारलं.

"साचलेलं पाणी फेका, असं तुम्हीच सांगता ना? म्हटलं, वाया कशाला घालवायचं? झाडांना घातलं."

"अंडी घासून मरत नाहीत. अख्ख्या इमारतीची अंडी तुम्ही घरी आणून उबवलीत!"

"आणि मी ढेकूण समजून रोज गाद्या उन्हात टाकतेय," आतून काकूंचा आवाज आला. काकांनी बशा उपड्या केल्या.

मावशी टिचकीकडे वळली. "वाडगी ठेवणारे पुष्कळ मिळतात गं. पाण्यावर संशय घेणारी तू एकटीच. उद्या सकाळी तयार राहा."

"आम्ही दोघं तयारच आहोत," ढोल्या म्हणाला.

एकूण हिशेब असा झाला: मावशीला अंडी मिळाली, टिचकीला डासांची खोली, ढोल्याला तीच खोली फुकटात. किंमत मोजली ती काकांनी, स्वतःच्या रक्ताने. आणि काकूंनीही तेवढीच, ज्यांनी वाडग्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता.