रोज बोटभर

मामा ही गोष्ट गच्चीवर सांगतो. जेवणं झाली की गल्लीतली पोरं त्याच्याभोवती बसतात. मग तो आवाज खाली आणून सुरू करतो, "माझ्या ओळखीचा एक जण होता. शाळेची गाडी चालवायचा. सुट्टी संपून शाळा उघडणार, त्याच्या आदल्या रात्री तो बहिणीकडे गाडीच्या सीटची कव्हरं न्यायला गेला…"

"मामा, तुम्हीपण शाळेचीच गाडी चालवता की!"

"जगात मी एकटाच गाडीवाला आहे का रे, शहाण्या? ऐकायचं तर ऐक, नाहीतर घरी जाऊन झोप."

पोरं खिदळतात. मी कठड्याला टेकून बसलेला असतो. तो ओळखीचा माणूस म्हणजे मामाच. ती बहीण म्हणजे माझी आई. आणि गोष्टीत ज्या पोरीला तो नुसतं 'एक पोर' म्हणतो, ती माझी धाकटी बहीण होती. म्हणून जे झालं ते मी लिहितो.

तिला सगळे बटण म्हणायचे. आई घरी शिवणकाम करते. पडदे, अभ्रे, गाड्यांची कव्हरं. ही दिवसभर शिवणयंत्राखाली बसून पडलेली बटणं गोळा करायची, म्हणून ते नाव. तिची एक छोटी दुलई होती. निळी, धुऊन धुऊन पांढरट झालेली. तिचं नाव दुदू. एक कोपरा नाकाशी आणि खालची कड पायांखाली खोचलेली, तशीच ती झोपायची. पाय उघडे राहिले की झोप नाही. पडली, कोणी रागावलं, वीज गेली, की आधी दुदू, मग आई, मग मी, असा आमचा नंबर लागायचा.

तिला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाला, "हे बोचकं माझ्या गाडीत नको हं. पोरं चिडवून चिडवून रडवतील तिला." आईने यंत्र पुन्हा सुरू केलं. मला वाटलं, विषय संपला.

काही दिवसांनी बटण माझ्याकडे आली. "दादा, दुदू छोटी होतेय."

मी आईला विचारलं. तिने यंत्रावरून मान वर केली नाही. "दुलई कशी छोटी होईल? पोर वाढतंय."

मला पटलं. मी तेच जाऊन सांगितलं. "दुदू तेवढीच आहे. तू मोठी होतेयस, वेडाबाई."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

तिने परत विचारलं नाही. त्या रात्रीपासून ती गुडघे पोटाशी घेऊन झोपायला लागली.

शाळेत जायच्या आधीच तिला ताप आला. दवाखान्यात नेलं, तरी उतरला नाही. शेवटच्या रात्री मी दुदू तिच्या अंगावर घातली. ती जेमतेम पोटापर्यंत आली. बटण म्हणाली, "ही नाही. माझी द्या."

"हीच आहे, बाळा," आई म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणालो, "हीच आहे."

तिने तोंड भिंतीकडे केलं. नंतर ती माझ्याशी बोलली नाही.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी मामा कव्हरं न्यायला आला. कव्हरं तयार होती, पण गाडी चालू होईना. साडेअकरा वाजले. आई म्हणाली, "आता इथेच झोप." मामा बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवा झाला, मी खाली. आईने त्याला मोठं, जाड पांघरूण दिलं. डोक्यावरून घेतलं तरी पायांखाली वीतभर उरायचं.

दिवा घालवला. मामा बॅटरीवाल्याला शिव्या देत होता.

थोड्या वेळाने म्हणाला, "पांघरूण ओढू नकोस रे."

"मी कुठे ओढतोय?"

"माझे पाय उघडे पडले."

"मग घे ना ओढून."

खाट करकरली. मग मला ऐकू आलं.

खस्स…

कापडातून कात्री जाते तसं. मी लहानपणापासून त्याच आवाजात झोपत आलोय. तो आवाज ओळखायला मी चुकणार नाही.

"ताई जागी आहे का रे?" मामाने विचारलं.

आतलं दार लोटलेलं होतं. फटीत अंधार.

खस्स…

"अरे… नडगीपर्यंत आलं…"

मी उठून बसलो. खाटेच्या पायथ्याशी कोणी नव्हतं. काहीच नव्हतं. पण मामा तिकडेच बघत होता. आणि पाय वर घेत होता. हळूहळू. गुडघे पोटाशी. अगदी तिच्यासारखा.

खस्स…

"मी नाही," मामा म्हणाला. ते माझ्यासाठी नव्हतं. पायथ्याशी बघून म्हणाला. "मी फक्त सांगितलं… ती झोपली की रोज बोटभर काप… परत कड शिवून टाक… कळणार नाही, म्हटलं… कापली तुझ्या आईने… मी नाही गं, बटण…"

आवाज थांबला.

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

आई दारात उभी होती. कधी आली, कळलं नाही.

"आई… तू कापत होतीस?"

तिने मान डोलावली.

"मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुझ्याकडे बघूनच तर तिने मानलं."



मामाची गोष्ट इथे संपते. 'तो माणूस उजाडायच्या आत पळाला,' म्हणतो, आणि पोरं एकमेकांना ढकलत जिना उतरतात. पुढचं त्याने पाहिलेलंच नाही.

सकाळी आईने ते पांघरूण कापायच्या टेबलावर पसरलं. टेप लावली. खालून हातभर कमी होतं. कड दुमडून शिवलेली. तिने चष्मा लावला, पांघरूण खिडकीशी नेलं, टाक्यांवरून नख फिरवलं. परत फिरवलं.

"झोपेत उठून तूच केलं असशील," मी म्हणालो. "तुला सवयच आहे."

ती रागावली नाही.

"माझे नाहीत हे टाके," ती म्हणाली. "माझे इतके बारीक येत नाहीत."

आई ते टाकून देणार होती. मी देऊ दिलं नाही. आता ते मीच घेतो. मामापेक्षा मी बुटका, डोकं बाहेर ठेवलं की मला व्यवस्थित पुरायचं.

काल रात्री माझे घोटे उघडे राहिले.

मी आईला सांगितलं नाही.