मीटरच्या तारेचा पिकअप

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यानं खुशाल इथंच थांबावं.

मी स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलं. मामानं एकदा सांगितलं, आणि पुढं त्याच्या बरोबर असलेल्या जोतीरामनं स्वतंत्रपणे सांगितलं. दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

साल एकोणीसशे शहात्तर. मार्चमधला शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. वाळव्याकडच्या एका साखर कारखान्याचं पटांगण.

सुरुवात मात्र तीन आठवडे आधीची.

मधुकर, म्हणजे माझा मामा, तेव्हा सांगलीत हळदीच्या पेढीवर कारकून होता. संध्याकाळी विष्णुपंतांच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. गिटार कलकत्त्याची, जुनी घेतलेली. तिच्या तारांखाली जो पिकअप होता, म्हणजे चुंबक आणि बारीक तारेचं वेटोळं, तो फार अशक्त. आवाज स्वच्छ, पण हडकुळा. ढोलक आणि अकॉर्डियन सुरू झालं की गिटार कुठं गेली ते कळायचं नाही.

"मधुकर, तुझी गिटार दिसते छान," विष्णुपंत एके दिवशी म्हणाले. "ऐकू येत नाही. कारखान्याच्या कार्यक्रमापर्यंत बघ काय होतंय. नाहीतर कोल्हापूरचा एक वादक माझ्या नजरेत आहे."

मधुकरनं मुंबईहून दुसरा पिकअप मागवला. त्याला दणका भरपूर होता. पण सहाही तारा एकदम छेडल्या की सगळा चिखल व्हायचा. हळुवार गाण्याला तर तो चालेचना.

त्याला दोन्ही हवं होतं. जड वाजवलं तर छातीत धडकलं पाहिजे, आणि त्याच गिटारीवर अंगाईसुद्धा वाजली पाहिजे.

म्हणून तो जोतीरामकडे गेला.

जोतीराम फौजेत सिग्नलमध्ये पंधरा वर्षं काढून आलेला. मिरज रस्त्याला त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. शेतावरच्या पंपाच्या जळक्या मोटारी तो नव्यानं गुंडाळून द्यायचा. ऑर्केस्ट्राचे स्पीकर-अँप्लिफायरही तोच सांभाळायचा.

"नुसती वेटोळी वाढवून भागत न्हाई, मास्तर," तो म्हणाला. "वेटोळी वाढली की आवाज वाढतोय, पर धार जातीय. चुंबक तगडा पायजे. हाय माझ्याकडं एक. तारबी हाय, केसावाणी."

"कुठली तार?"

"विजेच्या जुन्या मीटरातली."

"कुणाचा मीटर?"

"गावाकडचा हाय एक. तुमाला आवाजाशी मतलब."

आठ दिवसांनी पिकअप तयार झाला. भर दुपारी मधुकरनं दुकानात तो गिटारीला लावून पाहिला.

पहिला सूर छेडला आणि त्याच्या अंगावर काटा आला. जड, भरदार आवाज. पण एकेक तार वेगळी ऐकू येत होती. बटण थोडं मागं घेतलं तर सतारीसारखा स्वच्छ.

जोतीराम "आलो" म्हणून बाहेर गेला. मधुकर वाजवत राहिला. मग त्यानं तारांवर तळहात ठेवला.

सगळं शांत झालं.

आणि स्पीकरमधून... कुणीतरी श्वास घेतल्यासारखं वाटलं.

"जोतीराम," मधुकरनं हाक मारली, "बंद करू का?"

"राहू द्या, मास्तर. बंद करू नका."

आवाज जोतीरामचाच. अगदी जवळून आलेला.

मधुकरनं मागं वळून पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या खोलीला कुलूप होतं.

दोन मिनिटांनी जोतीराम रस्ता ओलांडून आला. दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

मधुकरनं सांगितलं तेव्हा तो हसला. "अजून मेणात बुडवला न्हाई. सैल कॉइल खोलीतलं बोलणंबी पकडतीय."

"पण तू खोलीत नव्हतास."

जोतीराम शेगडीकडे वळला. मेण वितळवलं, पिकअप त्यात बुडवला, बुडबुडे थांबेपर्यंत धरला. मग वरून टिचकी मारून पाहिली. स्पीकर गप्प.

"बसला," तो म्हणाला. चहा मात्र त्यानं तसाच ठेवला.

घरी मधुकर बाहेरच्या खोलीत स्पीकर लावून सराव करायचा. बुधवारी संध्याकाळी त्यानं पद्मामामीला पाणी मागितलं. पाणी आलं नाही. तो उठून आत गेला, तर ती चुलीपाशी तोंड फिरवून बसलेली. डोळे पुसत होती.

"काय झालं?"

"आत पाऊल टाकलंस तर बघ, असं म्हणालात ना? मग कशाला आणू पाणी?"

"मी?"

"मग कोण? तुमचाच तर आवाज." ती थांबली. "लग्न झाल्यापासून असं कधी बोलला नव्हता."

मधुकरनं पाणी स्वतःच घेतलं. त्या रात्री पिकअप काढून टाकावा, असं त्याच्या मनात आलं. पण कार्यक्रम तीन दिवसांवर होता. आणि असा आवाज त्याला परत मिळाला नसता.

त्यानं पिकअप काढला नाही.

शनिवारी पटांगण भरलं होतं. चारुशीला गात होती. ऑर्केस्ट्रातली एकुलती एक गायिका, मिरजेची, जिभेला धार असलेली. स्टेजच्या कडेला जोतीराम अँप्लिफायरपाशी बसला होता, हात विजेच्या बोर्डावर.

पहिलं गाणं हळुवार होतं. गिटार जणू गुणगुणली. विष्णुपंतांनी मान डोलावली.

तिसऱ्या गाण्याला मधुकरनं आवाज पूर्ण सोडला. माणसं उभी राहिली. मागच्या रांगेतल्यांनी टोप्या उडवल्या.

आणि त्याची बोटं तारांना चिकटली.

आधी त्याला वाटलं, पेटका आला.

मग तारांमधून काहीतरी हातात शिरलं. कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत... जबड्यापर्यंत. दात एकमेकांवर घट्ट बसले. बोटं उचलता येईनात. चामडी जळल्याचा वास आला.

सगळा जीव एकवटून तो ओरडला.

"जोतीराम, बंद कर."

जोतीरामनं वर पाहिलं. त्याचा हात बटणावरच होता. त्यानं मान हलवली.

आणि हात काढून घेतला.

मधुकर पुन्हा ओरडला. जोतीराम हसला, पुढं वाकला आणि आवाज आणखी वाढवला.

लोक टाळ्या वाजवत होते.

चारुशीला दोन हातांवर होती. तिनं मधुकरच्या तोंडाकडे पाहिलं. गाणं अर्ध्यावर सोडलं, लाकडी स्टूल उचललं आणि बोर्डावरच्या पिनेवर जोरानं हाणलं. पिन तुटून बाहेर आली.

मधुकर गिटारीसकट कोसळला.

शुद्धीवर आला तेव्हा तो कारखान्याच्या दवाखान्यात होता. डाव्या हाताला पट्ट्या. जोतीराम पायाशी बसलेला, चेहरा राखेसारखा.

"बंद का नाही केलंस?" मधुकरनं विचारलं.

"तुमीच म्हणालासा, मास्तर. वाढीव, बंद करू नको. दोनदा म्हणालासा. स्पीकरातनं साफ ऐकू आलं."

चारुशीला दाराशी उभी होती. "ते काहीच म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "नुसते ओठ हलत होते. आवाजच येत नव्हता."



जोतीरामनं सगळं तपासलं होतं. अँप्लिफायर ठीक, अर्थिंग ठीक. गिटारीत वीज यायचं काही कारण नव्हतं.

मग त्यानं मीटरचं खरं सांगितलं. वडूजजवळच्या एका मळ्यातल्या पंपघरातला तो मीटर. दोन वर्षांपूर्वी तिथं नानासो नावाचा माणूस शॉक लागून गेला होता. थोरला भाऊ आकाराम बटणापाशी उभा होता. त्यानं बटण बंद केलं नाही. पाण्याच्या पाळीवरून भांडण होतं, म्हणून मुद्दाम मरू दिला, असं सारं गाव म्हणायचं. पोलिसांना काही सापडलं नाही. पण आकारामच्या दारात त्यानंतर कुणी गेलं नाही.

"भंगारात आला, मी ठेवून घेतला," जोतीराम म्हणाला. "चुंबक लय भारी व्हता."

हात बरा झाल्यावर दोघं एका सकाळी तिकडं गेले. पिकअप रुमालात बांधून घेतला होता.

आकाराम विहिरीच्या काठावर एकटाच बसला होता. पन्नाशीचा माणूस, पण सत्तरीचा दिसत होता. मधुकरनं काही न बोलता हाताचे चट्टे दाखवले. मग सगळं सांगितलं.

आकारामनं ऐकून घेतलं.

"नानासो चिकटला, तवा माझा हात बटणावरच व्हता," तो म्हणाला. "दोन पावलांवर व्हता त्यो."

"मग?"

"त्यानंच सांगितलं. दादा, राहू दे. बंद करू नको." आकारामनं विहिरीत पाहिलं. "हसत म्हणाला. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हात काढला."

"आवाज त्याचाच होता?"

"पाठच्या भावाचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

 इतके दिवस मधुकर समजत होता, त्या तारेत नानासो आहे. पण नानासोसुद्धा नुसता अडकलेला माणूस होता; ते शब्द त्याचे नव्हतेच.

मग त्या तारेत कोण होतं?

"मीटर नवा घेतला होता का?" जोतीरामनं विचारलं.

"न्हाई. बाजारातनं जुना आणलेला. कुणाचा, ते इचारलं न्हाई." आकारामनं रुमालाकडे पाहिलं. "टाका ते हिरीत. पाणी पाच पुरुस खोल हाय."

जोतीरामनं गाठ सोडली. पिकअप दोन बोटांत धरला आणि सोडून दिला.

तिघं वाकून पाहत होते.

पाण्याचा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

पाणी जराही हललं नाही. त्यात तिघांचे चेहरे तसेच दिसत होते, स्वच्छ.

मग खालून... अगदी हळू... कुणीतरी हाक मारली.

"मास्तर, जरा खाली या की."

आवाज जोतीरामचा होता.

जोतीराम मधुकरच्या शेजारी उभा होता. त्याचं तोंड बंद होतं, आणि त्यानं मधुकरचा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

दोघं मागं न बघता वडूजच्या रस्त्याला लागले. आकाराम तिथंच काठावर बसून राहिला. चला म्हटलं तर आला नाही. पुढं त्याचं काय झालं, हे जोतीरामनं मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं विषय बदलला.

मामा आता पंच्याहत्तरीला आला. गिटारीला त्यानं परत हात लावला नाही. तब्येत चांगली आहे, गप्पा मारतो, हसतो.

पण दाराबाहेरून मी कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही. आधी खिडकीपाशी येतो, माझ्या तोंडाकडे नीट बघतो. ओठ हलताना दिसले, की मगच कडी काढतो.

फोन तर तो घेतच नाही.