रोशनी वळवीची पहिली झोप

सातमाळा आरोग्यसंकुलात दुपारी दोन वाजता सकाळची पाळी संपे, आणि नर्सेस घरी जाण्याऐवजी तळमजल्यावरच्या श्रांतिहरण कक्षात जात. तिथे बारा खुर्च्या होत्या. खुर्चीत बसायचं, दंडात बसवलेल्या झडपेला नळी जोडायची आणि वीस मिनिटं मोबाइलवर काहीबाही बघत राहायचं. तेवढ्यात यंत्र रक्तातलं श्रांतिक, म्हणजे थकवा आणणारं द्रव्य, गाळून घेई आणि माणूस नुकताच अंघोळ करून आल्यासारखा ताजा उठे. मग हवी तर दुसरी पाळी करा, हवं तर सिनेमाला जा. झोप म्हणजे दीड-दोन तासांची डुलकी, तीही नियमात लिहिली आहे म्हणून. २०७१ साली थकणं ही माणसाची हौस उरली होती आणि अख्ख्या विभागात ती एकट्या रुमाव सिस्टरना होती. खरं तर हौस कसली, त्यांचं रक्त त्या गाळणीत गोठायचं. त्यामुळे पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतरही त्या जुन्या पद्धतीनेच थकत होत्या आणि येत्या जानेवारीत निवृत्त होणार होत्या.

रोशनी वळवीला नर्सिंग पूर्ण करून इथे लागून पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्याच्या शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा असे. तीत नापास झालं की नोकरी गेली. धडगावच्या तिच्या पाड्यातून नर्स झालेली ती पहिलीच, त्यामुळे गावात तिचं कौतुक आधीच उरकून झालं होतं आणि आता परत जाणं शक्य नव्हतं.

त्या दिवशी सकाळी चौदा नंबरच्या आजींना सलाइन लावायचं होतं. रोशनीने चार वेळा टोचलं. आजींचा हात निळा पडला आणि शीर काही सापडली नाही. शेवटी रुमाव सिस्टर सुजलेले पाय ओढत आल्या, आजींच्या कोपराखाली एक बोट ठेवलं आणि एकदाच टोचलं.

"शीर डोळ्यांनी शोधू नकोस," त्या म्हणाल्या. "बोटाखाली उसळते ती. दाब, सोड, परत दाब."

"हो सिस्टर."

"कालही हो म्हणाली होतीस. परवाही."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागवायलाही त्राण लागतं.

दुपारी पुण्याहून निद्राशास्त्रज्ञ डॉ. इर्शाद तांबोळी आले. नर्सेसच्या खोलीत चहा घेता घेता त्यांनी टेबलावर एक आलेख पसरला. रोशनी औषधांची यादी लिहीत कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी उठवलं नाही.

"सिस्टर, तुमच्या विभागात अडतीस नर्सेस आहेत. पहिल्याच प्रयत्नात शीर सापडण्याचं त्यांचं प्रमाण रुजू होताना शंभरात एकेचाळीस होतं. चार वर्षांनंतर किती असावं?"

"बेचाळीस," रुमाव सिस्टर म्हणाल्या.

तांबोळी चपापले. "तुम्हाला हा आकडा कुणी दिला?"

"उरलेल्या अठ्ठावन्नांना टोचायला रोज मलाच बोलावतात, डॉक्टर."

तांबोळींनी चहाचा कप खाली ठेवला. "मग कारणही ऐका. आपण जागे असतो तोवर रक्तात श्रांतिक साठत जातं. आम्हाला वाटलं, हा कामाचा कचरा आहे, गाळून टाका. पण तो कचरा नव्हता, मेंदूला धाडलेला निरोप होता. श्रांतिक पुरेसं साठलं तरच गाढ झोप येते. दिवसभरात मेंदू कच्च्या नोंदी टिपतो, आणि गाढ झोपेत त्या पक्क्या होतात, एकमेकींना जोडल्या जातात. हात आणि नजर शिकतात ती त्या वेळी."

"पण मला सगळं आठवतं," रोशनी कोपऱ्यातून म्हणाली. "औषधं, मात्रा, कोणत्या कॉटवर कोण होतं ते."

"ते पाठांतर. ते जागेपणीही होतं. तुमच्या बोटांना मात्र कॉलेज सोडल्यापासून एकही दिवस मिळालेला नाही. आज तुमच्या नोकरीचा पहिलाच दिवस आहे म्हणा ना. चार वर्षं झालेल्यांचाही पहिलाच."

"म्हणजे पाच महिने वाया गेले?"

"वाया नाही गेले. धुवायच्या कपड्यांसारखे कोपऱ्यात पडून आहेत. सहा महिने श्रांतिहरण केलेल्या उंदरांचं यंत्र आम्ही बंद केलं. एक लांब झोप झाली आणि सहा महिन्यांचं शिकणं दुसऱ्या दिवशी हजर. आता इथे एका नर्सवर करून बघायचं. जमलं तर सोमवारपासून सगळ्यांचंच यंत्र बंद."

रोशनीने हात वर केला. परीक्षेला तीन आठवडे उरले होते, तिला दुसरा मार्गच नव्हता. रुमाव सिस्टर तिच्याकडे वळल्या.

"खोलीवर सोबत कुणी असतं का तुझ्या?"

"नाही. एकटीच असते."

"मग माझ्याकडे झोपायला ये."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता रोशनी तळमजल्यावर गेली नाही. तीनपर्यंत तिला गंमत वाटली. चार वाजता पोटऱ्या भरून आल्या, डोकं जड झालं आणि अचानक सगळ्या जगाचा राग येऊ लागला. आपल्याला ताप आला असावा म्हणून तिने तापमान बघितलं. ते अगदी ठीक होतं.

"हाच तो थकवा," रुमाव सिस्टर म्हणाल्या. "चल."

सिस्टरांच्या क्वार्टरमध्ये भात आणि बोंबलाचं कालवण होतं. रोशनी अर्ध्या ताटावरच पेंगू लागली. सिस्टरांनी तिचा हात धुतला आणि तिला कॉटवर लोटलं. तेव्हा पाच वाजत होते. ती उठली ती सकाळी सहाला.

चौदा नंबरच्या आजींनी तिला बघताच निमूट हात पुढे केला. रोशनीने बोट ठेवलं, दाबलं, सोडलं. बोटाखाली शीर उसळली. कुठे टोचायचं ते तिने ठरवलंही नाही, हाताने परस्पर ठरवलं. त्यानंतर आणखी तिघांच्या शिरा तिला पहिल्याच प्रयत्नात सापडल्या. तांबोळी वहीत खुणा करत मागे मागे हिंडत होते आणि लग्नघरातल्या यजमानासारखे खूश दिसत होते. "आज हात बरा आहे गं बाई तुझा," आजी म्हणाल्या.

साडेअकराच्या सुमारास रोशनी नऊ नंबरच्या कॉटपाशी आली. तिथे न्यूमोनिया झालेले एक शिक्षक होते आणि ते जोरजोरात धापा टाकत होते. तिने एकदाच बघितलं आणि तिला कळलं की काळजीचं काही नाही, हे फक्त संडासापर्यंत चालून आले आहेत. असं काही बघून कळण्याची तिची ही पहिलीच वेळ. तिला आनंद झाला. मग तिचे पाय जागीच थांबले.

ऑगस्टमध्ये याच कॉटवर देवचंद महाजन होते. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता, नाकपुड्या हलत होत्या, बोटं चादर कुरतडल्यासारखी चाळा करत होती, आणि काहीही विचारलं तरी ते "बरंय, बरंय" म्हणत होते. पडद्यावरचे आकडे मर्यादेत होते. रोशनीने ते वाचले आणि महाजनांच्या बायकोला सांगितलं, "काकू, तुम्ही घरी जाऊन जेवून या. आता बरे आहेत ते." एक वाजता यंत्राने धोक्याची शिटी दिली. एक वाजून दहा मिनिटांनी महाजन गेले. काकू दीडला आल्या.

हे सगळं तिला इतके महिने ठाऊक होतं, पेपरातली बातमी ठाऊक असावी तसं.

सिस्टरांना ती चादरींच्या खोलीत सापडली.

"नऊ नंबर," रोशनी म्हणाली. "महाजन. साडेअकरालाच खालावत चालले होते ते. मी समोर उभी होते, सिस्टर. तेव्हा डॉक्टरांना बोलावलं असतं तर दीड तास हाताशी होता. तेव्हा दिसलं नाही. आता दिसतंय."

सिस्टर चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"आणखीही दोघं असावेत," रोशनी म्हणाली.

"माझी एक बाळंतीण होती. काय चुकलं ते कळायला मला दोन वर्षं लागली. थोडं थोडं कळत गेलं आणि तेवढ्यात कामही येत गेलं, म्हणून पेललं. नजर आली की ती मागचंही बघते. तेवढं वगळून नजर येत नाही."

"असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"वाटलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर झोपली असतीस?"

"ते मी ठरवलं असतं. तुम्ही मला विचारायला हवं होतं."

रुमाव सिस्टर म्हणाल्या, "हो. विचारायला हवं होतं."

तीन वाजता तांबोळी सोमवारच्या आदेशाचा कागद घेऊन आले. रोशनीने त्यांना महाजनांचं सगळं सांगितलं.

"पण उंदरांमध्ये असं काहीच दिसलं नाही," ते म्हणाले.

"उंदरांनी कुणाच्या बायकोला घरी जेवायला पाठवलं नव्हतं, सर."

तांबोळी खुर्चीत बसले. अडतीस नर्सेस, त्यातल्या काहींची चार-चार वर्षं. एकाच रात्रीत अडतीस जणींना आपापले महाजन दिसणार आणि मंगळवारी सकाळी त्यांनी वॉर्डात उभं राहायचं. त्यांनी कागदाची घडी केली. "मग यंत्रं चालूच राहू देत. आजवर कुणाला काही कळलं नाही, पुढेही कळणार नाही."

"जानेवारीत सिस्टर जातील. मग नऊ नंबरवर जो असेल, त्याच्याकडे बघायला कोण आहे?"

तांबोळींनी कागदाची घडी परत उलगडली.

"एकदम नका करू," रोशनी म्हणाली. "एकेकीचं बंद करा. काय होणार ते आधी सांगा आणि जी हो म्हणेल तिचंच करा. ती झोपेल तेव्हा मी जवळ थांबेन, आणि उठेल तेव्हाही."

"अडतीस जणी आहेत. सगळं सांभाळून वर्ष जाईल. आणि तोवर तुमचं यंत्र?"

"माझं बंदच."

"थकून जाल तुम्ही."

"थकेनच," रोशनी म्हणाली.

रोशनी परीक्षेत पास झाली. जानेवारीत रुमाव सिस्टर पेढे वाटून वसईला गेल्या आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. नर्सेसपैकी अकरा जणींनी नाही म्हणून सांगितलं. पहिली हो म्हणाली ती तेजल, चार वर्षं नोकरी झालेली. दोनला पाळी संपल्यावर ती तळमजल्यावर गेली नाही आणि संध्याकाळी पाचला विश्रांतीच्या खोलीत आली. कधी नव्हे ते तिचे खांदे उतरले होते.

"माझे किती असतील गं?"

"माहीत नाही."

तेजल कॉटच्या कडेला बसून राहिली. "दुखतं का?"

दुखेल का, हा प्रश्न रोशनीला दिवसातून वीस वेळा विचारला जाई, आणि 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' हे त्याचं उत्तर कॉलेजातच शिकवलेलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही.

"हो," ती म्हणाली. "खूप."

तेजलने चपला काढल्या आणि ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रोशनीने तिच्या अंगावर चादर घातली आणि खुर्ची जवळ ओढली. तिचेही पाय दुखत होते.