चैत्र कुणाचा?

"मास्तर, तुमी अर्ज लिवला अन् ईज माह्या घरावर पडली."

मालूबाई ओसरीच्या पायरीशी उभी होती. वैशाखाचं ऊन सकाळी आठालाच चढलं होतं. दिगंबर मास्तरांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि मग काय झालं ते विचारलं.

तिचा नवरा देवराम हा करंजावरचा, म्हणजे शहराच्या पाण्याच्या जुन्या हौदावरचा रखवालदार. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून कुंड्याकुंड्यांतून येतं, करंजाच्या हौदात गोळा होतं आणि तिथून नळांनी शहरात जातं. तांबटपुऱ्याच्या नळाची झडप एका कुलूपबंद पेटीत असे आणि तिची किल्ली वीस वर्षं देवरामच्या करदोट्याला. चैत्रात तांबटपुऱ्याचे नळ चारदा दिवसदिवसभर कोरडे पडले. बायाबापड्यांनी भर उन्हात तापीवरून हंडे वाहिले. शहराच्या कमेटीकडे तोंडी गाऱ्हाणी गेली, ती कुणी कानावर घेतली नाहीत. शेवटी साठ घरांच्या सह्यांचा अर्ज गेला. जबाबदार कोण ते सांगा, एवढीच मागणी होती. अर्ज मास्तरांच्या हातचा होता. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना सुखानं बसू देत नसत, आणि त्यांना नाही म्हणता येत नसे.

आता कमेटीनं जबाबदार माणूस शोधला होता. देवराम. आज दुपारी चारच्या सभेत त्याला काढणार होते. नोकरीबरोबर करंजाजवळची खोलीही जाणार होती.

मास्तर काठी घेऊन निघाले. गुडघे कुरकुरत होते, पण घरी बसून दुसऱ्याच्या पोटावर आलेलं बघवलं नसतं.

देवराम हौदाच्या कडेला गाळ काढत बसला होता. उद्या काम नसणार हे ठाऊक असून तो आजचं काम करत होता.

"देवराम, चैत्र वद्यातली तृतीया, सप्तमी, एकादशी, अमावास्या. या चार दिवशी पेटी कुणी उघडली?"

"मले काय ठाव मास्तर? मी रजेवर होतो. हनुमान जयंतीले गेलो, अमावास झाल्यावर आलो. तुकईथड गावाले बहीण बिमार होती. तिच्या केळीले मीच पानी देत होतो, दर चवथ्या दिशी. नाही तं बाग जळाली असती."

"मग किल्ली?"

"कचेरीत जमा केली. दारोगासाहेबाच्या खोलीत खिळा आहे, तिथं टांगली. कारकून हरप्रसादबाबूसमोर."

"अरे, मग चौकशीत काय सांगितलंस?"

"बाबूनं विचारलं, या चार दिशी कामावर होता का? हजेरीत माहा अंगठा दाखवला. मी म्हनलं, होतो."

जो माणूस गावातच नव्हता, तो कामावर होतो म्हणून कबूल करून आला होता. देवराम दारू पीत नव्हता आणि खोटं बोलायची त्याला अक्कलही नव्हती.

"दिवस कोणते सांगितले बाबूनं?"

"इंग्रजी होते. मले इंग्रजी दिवस कुठून समजतीन? अंगठा माहा होता, मी हो म्हनलं."

कचेरीत पाण्याचे दारोगा, म्हणजे नळांवरचे साहेब, सुधाकरराव जेवायला बसत होते. केळीच्या ताज्या पानात भाकरी बांधून आणली होती. अंगरख्याच्या दोन्ही बाह्यांवर तपकिरी डाग होते, धुऊन धुऊन कड फिकी झालेले. त्यांनी मास्तरांना आदरानं खुर्ची दिली. ते मास्तरांचेच जुने विद्यार्थी, गणितात बरे होते.

"सुधाकरराव, अर्ज तुम्ही वाचलात?"

"मी कशाला वाचू? हरप्रसादबाबूंनी इंग्रजी अहवाल केला, मी सही केली. अर्ज डोळ्यांनीसुद्धा पाहिला नाही."

"किल्ली तुमच्या खोलीत असते म्हणे."

"खिळ्यावर असते. येणारा जाणारा कुणीही घेईल."

"आणि पाणी गेलं त्या दिवशी तुम्ही?"

"मी इथं नव्हतोच, मास्तर. हनुमान जयंतीनंतर पंधरा दिवस जैनाबादला मेहुण्याकडे होतो. बाबूंना विचारा. आणि देवरामनं कबूल केलंय, आता उगाळून काय उपयोग?"

मास्तरांनी मान डोलावली आणि शेजारच्या खोलीत गेले. हरप्रसादबाबू कागदांच्या ढिगात घामाघूम झाले होते. त्यांचं घराणं मूळचं काशीकडचं, पण मराठी ते छान वाचत. मास्तरांनी सरळ विचारलं, देवराम रजेवर होता हे ठाऊक असून त्याला का अडकवलंत? बाबूंना खरोखर वाईट वाटलं.

"रजा बाद में थी, मास्टरजी. अहवाल देखिए ना, सहा, दहा, चौदा आणि अठरा मार्च. चारों दिन हाजिर आहे तो."

मास्तरांनी अहवाल दोनदा वाचला. मग त्यांची नजर बाबूंच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. तिथं काशीचं पंचांग टांगलेलं होतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि मुकाट्यानं बाहेर पडले.

अजून एक गोष्ट बघायची होती. करंजाच्या खालच्या अंगाला, झडपेच्या पेटीपासून हाकेच्या अंतरावर एक मळा होता. आजूबाजूची शेतं भाजून निघाली होती आणि या मळ्यातली केळी कमरेइतकी हिरवीगार उभी होती. मास्तर विहिरीपाशी गेले. मोटेच्या चाकावर कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. मोटेचं पाणी पडायचं ते थारोळं कोरडं ठणठणीत होतं. मळा कुणाचा, ते त्यांनी बांधावरच्या गुराख्याला विचारलं आणि चारला पाच कमी असताना सभेत येऊन बसले.

तांबटपुऱ्याची माणसं भिंतीला टेकून उभी होती. अध्यक्षांनी देवरामला शेवटचं विचारलं, काही सांगायचं आहे का. देवरामनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठले.

"त्याला सांगता येणार नाही, मी सांगतो," ते म्हणाले. "अर्जात मी चैत्र वद्य लिहिलं. आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो. म्हणजे चैत्र वद्य येतं हनुमान जयंतीनंतर, एप्रिलात. हरप्रसादबाबूंच्या काशीच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो. त्यांचं चैत्र वद्य होळीच्या दुसऱ्या दिवशी लागतं, मार्चात. पाणी गेलं आमच्या चैत्रात आणि चौकशी झाली त्यांच्या चैत्राची. देवरामला मार्चातले दिवस विचारले. तेव्हा तो कामावर होता, तो हो म्हणाला. ती कबुली नव्हे."

हरप्रसादबाबूंचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडले. मास्तर म्हणाले की बाबूंची चूक प्रामाणिक आहे.

"मग पाणी कुणी तोडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"दर चौथ्या दिवशी पाणी गेलं, साहेब. उन्हाळ्यात केळीला पाण्याची पाळी चौथ्या दिवशी असते. करंजाखालच्या मळ्यात मोट बंद आहे आणि केळी हिरवी आहे; नळाची झडप बंद केली की हौद भरून वाहतो आणि पाणी उतारानं त्या मळ्यात जातं. मळा दारोगासाहेबांच्या सासऱ्यांचा. बाह्यांवरचे डाग केळीच्या चिकाचे, ते जन्मात जात नाहीत."

"पान तोडलं म्हणून कुणी चोर होतो का?" सुधाकरराव म्हणाले. "मी जैनाबादला होतो."

"तेच तर. तुम्ही अर्ज पाहिला नाही म्हणता. तुमच्यापुढे फक्त इंग्रजी अहवाल होता, त्यात मार्च. मी विचारलं, पाणी गेलं त्या दिवशी कुठे होता, तर तुम्ही एप्रिलातला पंधरवडा सांगितलात. खरे दिवस तुम्हाला ठाऊक होते, सुधाकरराव. तरी मार्चवर सही केलीत. देवराम गेला की सगळा उन्हाळा किल्ली तुमच्याच खिळ्यावर राहिली असती. आणि जैनाबाद तापीपलीकडे आहे, नावेशिवाय जाता येत नाही, आणि नावाडी इथलाच आहे. विचारायचं का त्याला?"

सुधाकररावांनी डागांच्या बाह्या आत दुमडल्या.

"विहीर आटली होती, मास्तर. डोळ्यांदेखत बाग जळत होती."

"आमच्या बायकांचे पाय जळाले," भिंतीजवळून कुणीतरी म्हणालं, आवाज न चढवता.

सभा लवकर आटोपली. देवरामची नोकरी राहिली, किल्ली परत त्याच्या करदोट्याला आली. दारोगांचं काय करायचं ते वरचे साहेब ठरवणार होते. वरून केव्हा काय येतं, हे उभ्या शहराला ठाऊक होतं.

मास्तरांना जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. अर्ज लिहिताना शेजारच्या विमलताई म्हणाल्या होत्या, इंग्रजी तारखाही घाला. त्यांनी मुद्दाम घातल्या नव्हत्या. आपले दिवस आपल्या नावांनी सांगायचे, असा त्यांचा ताठा. तो ताठा देवरामला महागात पडणार होता.

देवराम त्यांना घरापर्यंत सोडायला आला. पुऱ्यातल्या नळांना धार होती, मालूबाई पुढे हंडा भरत होती. दारात तो थांबला.

"मास्तर, एक विचारू? मी खरं बोललो तरी फसलो. पुढच्या टायमाले साहेबानं विचारलं, होता का, तं काय म्हनू?"

मास्तरांना त्याच्याकडे बघवेना.

"हो म्हणू नकोस, नाही म्हणू नकोस," ते म्हणाले. "आधी विचार, चैत्र कुणाचा."