शून्य झाडांचा उतार

वारा सुटला आणि दगड हलला.

वैजूने डोळे चोळले. हिमालयात पंधरा हजार फुटांवरचा उतार, नुसते करडे दगड. ना गवत, ना पाखरू. तरी मघापासून तिला वाटत होतं, कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

"हुडक्या, किती मोजलीस?" तिने विचारलं.

"शून्य झाडं," यंत्रमानव म्हणाला. "तिसऱ्यांदा सांगतोय."

कुंदाआत्याने ओठ आवळले. ती वनस्पतिशास्त्रज्ञ. ती शोधत असलेलं दुर्मिळ घंटाफूल आज इथे सापडलं नाही, तर उद्या रस्त्यासाठी हा उतार सुरुंगाने उडणार होता. असले रस्ते कागदावर फार सरळ दिसतात.

"आत्या, वाऱ्याने दगड हलतो का गं?"

"नाही. का?"

"तो बघ. तो पण. आई गं, सगळेच हलतायत!"

आत्या गुडघ्यांवर बसली. ते पान होतं, राखेच्या रंगाचं! त्याच्या आड सहा पाकळ्यांची घंटा, मान खाली घातलेली. आतून पिवळी, जांभळ्या चौकटींची.

"हेच! पण पुस्तकात पान हिरवं आहे," वैजू कुजबुजली. "हे लपलंय कुणापासून?"

"आपल्यापासून. याचा कंद (जमिनीत अन्न साठवणारा गड्डा) औषधाला जातो. माणसांनी पिढ्यान्पिढ्या ओरबाडला."

"म्हणून त्याने रंग बदलला?"

"छट्! झाडाला काय कळतंय? काहींची पानं मुळातच जराशी करडी. हिरवी दिसली, ती उपटली. करडी सुटली, बी त्यांनीच धरलं. पुढच्या पिढीत करडी वाढली. असंच होत गेलं. याला निवड म्हणतात (जे तगतं, त्याचाच वंश वाढतो). इथे निवड केली आपल्याच हावरट हातांनी."

मग ती हुडक्याकडे वळली. "तुला हिरवंच शोधायला शिकवलं, चूक माझी. आता करडं पान शोध."

हुडक्याचे दिवे लुकलुकले. त्याने सगळा उतार पुन्हा तपासला.

"चार हजार दोनशे सात. हलू नका. तुमच्या पायांभोवती अकरा आहेत."

वैजूचा उचललेला पाय हवेतच राहिला.

"रस्तेवाल्यांना फोटो पाठवू?" हुडक्याने विचारलं.

"आकडा पाठव, फुलाचा आतला फोटो पाठव," वैजू ओरडली. "पान दाखवलंस तर बघ! परत कंद खणायला पिशव्या घेऊन येतील मेले."

"डोकं आहे हं तुला," आत्या म्हणाली.

तासाभराने उत्तर आलं: सुरुंग रद्द, रस्ता दुसरीकडून.

आपल्याच पावलांवर पाय ठेवत परतताना वैजू थबकली. दगडांत एक कोवळं पान होतं, हिरवंगार.

"हे कसं गं?"

"अजून जन्मतात एखाददुसरी. कुणी उपटलं नाही, तर हळूहळू वाढतील."

वैजूने एक करडा दगड उचलला आणि वाटेवरून ते पान दिसू नये असा त्याच्यापुढे उभा केला.