जागा धर हं

डॉक्टर जेवायला गेलेत, म्हणजे तासाची निश्चिंती. तोवर बोलू. तुम्ही पहिल्यांदाच आलात ना? घाबरू नका. काविळीचा हा व्हायरस अंगात घेऊन मी इतकी वर्षं संसार करतेय. नवऱ्यासारखाच आहे मेला. घर सोडत नाही, पण वेळच्या वेळी गोळी दिली की गप्प पडून राहतो.

मला हे कळलं ते मुलगी तीन वर्षांची झाल्यावर, एका रक्तदान शिबिरात. बाळंतपणात आईकडून बाळाला जाऊ शकतो म्हणाले, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझं काय व्हायचं ते होवो, पण तिचं? तिचं रक्त तपासायला दिलं आणि रिपोर्टसाठी तिला घेऊन इथेच येऊन बसले. भर दुपार होती, हीच खोली.

तिच्या शेजारी एक गृहस्थ होते. चौकटीचा शर्ट, डोळे हळदीसारखे, अंगाला बंद कपाटाचा वास. उठताना त्यांनी खुर्चीवर रुमाल टाकला आणि हळूच म्हणाले, "बाळ, जागा धर हं... आलोच."

मुलगी माझी गुणाची. "हो काका," म्हणाली, आणि रुमाल मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत जाऊन बसली.

थोड्या वेळाने सिस्टर आल्या. रुमाल बघून थबकल्या.

"हा कुणाचा?"

"एक भाऊ होते. चहाला गेले असतील."

"ताई..." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "त्यांनी गोळ्या मधेच सोडल्या होत्या. असंच जागा धरायला सांगून उठले, ते परत आलेच नाहीत. वारले ते. अजून सांगतात कुणाकुणाला... तुम्ही हो नाही ना म्हणालात?"

"मी नाही," मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी मुलीकडे पाहिलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. मी डॉक्टरांसमोरच ढसाढसा रडले. बाहेर येऊन म्हटलं, चल. ती म्हणाली, "कशी येऊ? काका यायचेत ना." मी तिला उचललं आणि निघाले. फाटकाबाहेर उन्हात तिचं तोंड पुसायला गेले, तर तिचे डोळे पिवळेधमक. तशीच मागे पळाले. खुर्चीत बसवलं, तर पुन्हा पांढरे.

डॉक्टर म्हणाले, उजेडाचा भास. पुन्हा रक्त तपासलं, ते स्वच्छच. तेव्हापासून दवाखाना उघडला की आम्ही इथे. संध्याकाळी कुलूप लागलं की घरी न्यायची, आणि रात्रभर तिच्या डोळ्यांकडे बघायचंच नाही. सिस्टरनी एकदाच सांगितलं, "रुमालाला दुसरा धनी मिळेपर्यंत असंच चालायचं."

मघाशी तुम्ही आलात तेव्हा ती तुमच्याशी काहीतरी बोलली. तुम्ही हसून "हो गं बाळा, जा" म्हणालात आणि तिच्या खुर्चीत बसलात. मला अडवता आलं असतं. नाही अडवलं. आई आहे हो मी.

ती बघा, फाटकाबाहेर बापाच्या कडेवर. त्याने आत्ताच मान हलवून खूण केली. डोळे पांढरे आहेत.

बरं, येते मी. गोळी चुकवू नका.

अहो, उठू नका... रुमाल पडेल.