डाव्या गुडघ्यापाशी

भातसानगरच्या वसाहतीत रविवारी सकाळी साडेसात वाजता निळी गाडी सुरू व्हायची, हे तिथल्या कुत्र्यांनाही पाठ झालं होतं. गाडी म्हणजे सहाशे सीसीची जपानी स्पोर्ट बाईक, चार सिलिंडरची, वय वर्षं अठ्ठावीस. इतक्या वयाची गाडी लोक भंगारात देतात. किशोरने उलट ती भंगारातूनच उचलली आणि टेम्पोत घालून घरी आणली. धरणावरच्या त्याच्या सोबत्यांनी तेव्हा पोट धरून हसून घेतलं. दोन वर्षांनी तीच गाडी माळशेजच्या रस्त्याला लागली, तेव्हा फोटो काढून घ्यायला हसणारेच पुढे होते.

किशोर धरणावर गेट ऑपरेटर होता. अंगाने किरकोळ, पण पाय एवढे लांब की एसटीत बसला तर एक पाय कायम मधल्या वाटेत, आणि कंडक्टरची बोलणी ठरलेली. 'देवाने मला या गाडीच्या मापानेच बनवलंय, एसटीच्या नाय,' असं तो वर म्हणायचा. त्याची बायको योगिनी किन्हवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. तीही उंच. धरणाच्या रस्त्यावर त्याने तिला हीच गाडी चालवायला शिकवली होती, आणि दोनदा पाडून घेतल्यावर ती बऱ्यापैकी चालवायला लागली होती. तरी दोघं निघाले की ती मागेच बसायची. तिथे तिचं एक काम असायचं.

या जुन्या गाड्यांना पेट्रोल किती उरलंय ते सांगणारा काटा नसतो. टाकीखाली, चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्यापाशी, पेट्रोलचा कॉक असतो. एरवी तो 'ऑन'वर ठेवायचा. पेट्रोल संपत आलं की गाडी हिसके द्यायला लागते, मग खाली हात घालून कॉक 'रिझर्व्ह'ला फिरवायचा. टाकीच्या तळाशी राखून ठेवलेल्या तेवढ्या पेट्रोलवर माणूस घरी पोचतो. टाकी भरली की कॉक आठवणीने परत 'ऑन'वर घ्यायचा, नाहीतर पुढच्या वेळी राखलेलं काहीच उरत नाही. किशोर गाडीचा एकेक स्क्रू ओळखायचा, पण हे एवढं एक काम त्याच्या हातून कधी झालं नाही. ते योगिनी करायची. मागून त्याच्या मांडीजवळून डावा हात पुढे घालून ती न बघता कॉक फिरवायची. हिसका बसला की त्याचा हात खाली यायच्या आत तिचा हात तिथे असायचा. मग तो तिच्या हातावर दोनदा थोपटायचा आणि पुन्हा हँडल धरायचा. हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून ही त्यांची बोलायची पद्धत.

मार्चमधल्या एका रविवारी तिने तो कॉक परत 'ऑन'वर फिरवला नाही.

भांडण क्षुल्लक होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला येतो असं कबूल करून हा बाबा दिवसभर कार्बोरेटर खोलून बसला होता. योगिनीने चार दिवस अबोला धरला. रविवारी नेहमीसारखी वैशाखऱ्याला जनीच्या टपरीवर चहाला निघाली खरी, पण गप्प. वाटेत गाडी रिझर्व्हला लागली, तेवढा कॉक तिने सवयीने फिरवला. सरळगावच्या पंपावर गर्दी, म्हणून त्याने घाईत थोडंसंच पेट्रोल टाकलं. कॉक रिझर्व्हलाच राहिलाय हे तिला दिसत होतं. तिने हात मांडीवर ठेवला. फिरव म्हणावं स्वतः, एकदा तरी.

परतताना किन्हवली सोडल्यावर टाकी पार कोरडी झाली. दुपारचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोनशे किलोची गाडी किशोरने दोन किलोमीटर ढकलली. ती मागून दोन्ही हेल्मेटं घेऊन चालत होती.

"तू फिरवला नायस का गो?" त्याने धापा टाकत विचारलं.

"मला काय माहीत तो रिझर्व्हलाच राहिलाय ते?" ती म्हणाली.

तो हसला आणि पुन्हा ढकलायला लागला. त्यानंतर आठव्या दिवशी कामावर असताना त्याच्या छातीत कळ आली आणि तासाभरात तो गेला. डॉक्टर म्हणाले, ब्लॉकेज जुनं होतं, कधी ना कधी होणारच होतं. योगिनीने मान डोलावली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला हे समजायला हवं होतं, आणि समजलंही होतं. पण ते दोन किलोमीटर तिच्या मनातून जाईनात. ती खोटं बोलली हे त्याला कळलं होतं का, आणि तो राग मनात धरून गेला का, हे आता कुणाला विचारायचं? तिने हे कुणालाच सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

दिवसकार्य झालं आणि पुढच्या रविवारी ती शेडमध्ये गेली. गाडी नुसती उभी राहिली तर कार्बोरेटर चिकटतात, एवढं तिला त्याच्याकडून माहीत होतं. कॉक उघडला, चोक ओढला, गाडी सुरू झाली. दहा मिनिटांनी बंद करताना तिने कॉक 'ऑफ' केला, कारण उघडा राहिला तर पेट्रोल झिरपतं.

पुढच्या रविवारी कॉक 'ऑन'वर होता.

आपणच विसरलो असू, असं तिने धरलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा 'ऑन'. मग तिने वर्गात मुलांना सांगते तसं स्वतःला सांगितलं की आधी निरीक्षण, मग अनुमान. नेलपॉलिशची एक बारीक रेघ कॉकवरून टाकीखालच्या धातूवर सलग ओढली, शेडला कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली ठेवली. आठवड्याने कुलूप जसंच्या तसं होतं. रेघ मात्र मधोमध तुटली होती. अर्धी धातूवर, अर्धी कॉकबरोबर फिरून 'ऑन'वर.

कंपनाने कॉक सैल झाला म्हणावं, तर उभ्या गाडीला कसलं कंपन? उंदीर म्हणावं, तर कॉक एवढा घट्ट की तिचीच बोटं दुखायची. तिने अनुमान काढायचं सोडून दिलं. त्या दिवशी जे करायचं आपण टाळलं, तेच कुणीतरी दर आठवड्याला करून दाखवतंय, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. असा टोमणा किशोरने जिवंतपणी कधी मारला नव्हता. तिला भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती.

डिसेंबरअखेर क्वार्टर सोडायचं होतं. मुरबाडला आईकडे दोन खोल्या, तिथे गाडी ठेवायला जागा नाही. तिचा धाकटा भाऊ जगदीश याने मुरबाडचाच मनोज नावाचं गिऱ्हाईक आणलं. जुन्या गाड्यांचा वेडा पोरगा होता.

"ताई, मी टेम्पो सांगतो," जगदीश फोनवर म्हणाला. "तू नको चालवत आणू."

"टेम्पोत घालून आली होती," योगिनी म्हणाली. "जाताना चालत जाऊ दे."

शनिवारी सकाळी ती निघाली. मागे कुणी बसायचं नव्हतं, म्हणून मागच्या दोन्ही पायपट्ट्या तिने वर दुमडल्या. कॉक 'ऑन'वर होता, तिने फिरवायच्या आधीच. शहापूर मागे पडलं. भाताची कापणी उरकली होती आणि खळ्याखळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. हवेत पेंढ्याचा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास होता. गाडी सुरेख चालत होती. हेल्मेटमध्ये योगिनीला रडू येत होतं आणि वेगही सोडवत नव्हता. शेवटची खेप आहे, तर नीट नेते तुझी गाडी, असं ती मोठ्याने म्हणाली.

किन्हवलीच्या पुढे चढ लागला. पाठीमागे पेंढ्याने भरलेला ट्रक हॉर्न देत होता. चढाच्या मध्यावर गाडीने हिसका दिला.

मग दुसरा. पेट्रोल संपत आलं होतं.

तिने क्लच सोडून डावा हात खाली नेला. रस्ता अरुंद, ट्रक अंगावर आलेला.

हिसके थांबले.

गाडीने जोर धरला आणि एका दमात चढ ओलांडला. तिचा हात अजून कॉकपर्यंत पोचलाच नव्हता.

पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं नाही. हात खाली गेलाच होता. गाडीवरची इतक्या वर्षांची रीत होती. तिने तिथे, डाव्या गुडघ्यापाशी, दोनदा थोपटलं.

तळव्याखाली टाकी लागली नाही. कॉकही लागला नाही.

चामडं लागलं. जुनं, मऊ झालेलं. अंगठ्यापाशी जाड्या दोऱ्याचे तीन वेडेवाकडे टाके.

ते टाके तिचेच होते. किशोरचा हातमोजा तिने दोन वर्षांपूर्वी शिवला होता. तो जोड मार्चमध्ये तिने स्वतः तिरडीवर त्याच्या छातीशी ठेवला होता.

तिने हात काढून घेतला नाही.

पुढचा अख्खा उतार तिचा हात तसाच होता. ओरडावंसं वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की हा टोमणा नव्हता. तिने टाळलेलं काम तो गेले नऊ महिने तिच्यासाठी करत होता, तिची पाळी स्वतःकडे घेऊन, आणि ती वेडी लाजेने मरत होती.

सरळगावच्या पंपावर तिने टाकी पूर्ण भरली आणि कॉक 'ऑन'वर घेतला. तिठ्यावर मुरबाडला उजवीकडे वळायचं. ती डावीकडे वळली.

वैशाखऱ्याला जनीच्या टपरीवर चुलीचा धूर होता. जनी साठीची, तोंडाने फटकळ. योगिनीला एकटीला गाडीवर बघून तिने पदराने डोळे पुसले, मग गाडीकडे पाहत राहिली.

"बाय, मागच्या पट्ट्या खाली कशाला सोडल्यास? कोन बसलावता मांगं?"

योगिनीने वळून पाहिलं. दोन्ही पायपट्ट्या खाली होत्या. "कुणी नाही," ती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

चहा पिऊन होईपर्यंत ती गाडीशेजारच्या बाकावर बसली आणि जे मार्चमध्ये बोलायचं राहिलं होतं ते हळू आवाजात बोलून टाकलं. कॉक मीच फिरवला नाही. मला दिसत होता. मी रागात होते. चुकलं माझं रे. जनी चुलीशी पाठमोरी होती. तिने ऐकलं असेल, तरी दाखवलं नाही.

निघताना तिने पट्ट्यांना हात लावला नाही.

मुरबाडच्या स्टँडमागे जगदीश आणि मनोज वाट पाहून कंटाळले होते. मनोजने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, देवळात माराव्यात तशा. कागद झाले. योगिनीने किल्ली दिली आणि कॉकचं तेवढं समजावलं. "पेट्रोल टाकलं की न विसरता 'ऑन'वर घ्यायचं," ती म्हणाली. "मागे बसणाऱ्यावर सोडायचं नाही."

मनोज हसला, गाडीवर बसला आणि निघाला. आपली गाडी दुसऱ्याच्या हाताखाली कशी वाजते ते तिने पहिल्यांदा ऐकलं. तिने पाहिलं ते मात्र मागच्या पट्ट्यांकडे. त्या वर दुमडलेल्या होत्या. मनोजने हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं. म्हणजे गाडीबरोबर तो गेला नव्हता. मग कुठे गेला? इतक्या वेळ धरून ठेवलेला धीर तिथेच सुटला, आणि भर स्टँडवर ती हुंदके देऊन रडली. जगदीश बावरून पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"आईकडे चल, ताई."

"नको. घरी सामान बांधायचंय."

त्याने तिला शहापूरच्या एसटीत बसवून दिलं. गाडी भरलेली होती. योगिनीला खिडकीची जागा मिळाली, तिने हेल्मेट मांडीवर घेतलं. शेजारची जागा रिकामी होती. टोपली घेतलेली एक बाई तिथवर आली, थबकली आणि पुढे जाऊन दांड्याला धरून उभी राहिली. तिच्यामागून आलेला माणूसही तसाच पुढे गेला.

गाडी मुरबाडबाहेर पडली तसा कंडक्टर आला. पन्नाशीचा, दमलेला, नजर मशीनवर.

"कुठं?"

"शहापूर."

बायकांना एसटीत अर्धं तिकीट असतं. तिने तेवढे सुटे पुढे केले. कंडक्टरने तिच्या शेजारी पाहिलं, मशीनची बटणं दाबली आणि तिकीट फाडून तिच्या हातात दिलं.

"एक हाफ, एक फुल. अजून द्या."

योगिनीने तिकिटाकडे पाहिलं. मग पर्स उघडून उरलेले पैसे दिले. डावा हात तिने शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

कंडक्टर पुढे निघाला. तिची सीट ओलांडताना त्याने वाटेतून एक पाऊल उंच उचलून टाकलं, आणि खाली बघत त्रासून म्हणाला, "पाय आत घ्या हो, भाऊ."